गाठीशी

संमतीपत्राच्या मराठीत आम्ही ‘वृषण’ लिहिलं.
एथिक्स कमिटीने ऱ्हस्वदीर्घ तपासून शिक्का मारला.
त्यानंतर चार वर्षांत, परळच्या त्या खोलीत,
हा शब्द एकाही माणसाने उच्चारला नाही.
कुणी म्हणालं, खालचं. कुणी, डावीकडचं.
एका बापाने नुसतीच मान वळवली
आणि एसीखालच्या बादलीत पडणारे थेंब बघत राहिला.

प्रतीश वैती, ट्रॉम्बे कोळीवाडा, वय चोवीस.
आमच्या कागदांवर फक्त शून्य-सहा-एक.
तो सरळ म्हणाला, गाठ हाय.
सात महिने झाले, वाटलं दोर लागला असंल.
गाठींमधलं त्याला कळतं :
ओढली की सुटणारी कुठली, ओढली की आवळणारी कुठली.
ही कुठली, त्याने विचारलं.
मी डॉक्टर नाही, म्हटलं. मला फॉर्म भरून घ्यायचा होता.

सोनोग्राफीत चाळीस मिलिमीटर.
“जाळ्याचा आस पन तेवढाच ठेवाया लावतात आता,”
म्हणाला, आणि एकटाच हसला.

ऑपरेशन सोमवारी, मग किमो.
आधीचा शुक्रवार आमच्या वाट्याचा.
मी डबी दिली, खोली दाखवली :
एक खुर्ची, बेसिन,
आणि दोनदा लावावी लागणारी कडी.
बाहेर आला तेव्हा डबी रुमालात होती,
दोन्ही हातांनी धरलेली, काठोकाठ भरल्यासारखी.
होतं तळाला जेमतेम.
मिलिलीटरला नव्वद लाख. कमी, पण आजारपणात असंच.
सहा नळ्या. वजा एकशे शहाण्णव.
टाकीचं झाकण उघडलं की माझा चष्मा कोरा होतो.
बाकावर बसलेल्या आईला पावती दिली.
कसली, हे तिने विचारलं नाही.
घडी घालून ब्लाउजात ठेवत म्हणाली,
असू दे गाठीशी.

मग दर सहा महिन्यांनी माझा फोन.
प्रश्न सतरा : गेल्या चार आठवड्यांत इच्छा
खूप, बरी, कमी, नाही.
“बरी लिवा.” मागे इंजिनाची धडधड.
प्रश्न बावीस :
आपण पूर्ण पुरुष आहोत असं आपल्याला वाटतं का?
पहिल्या वर्षी गप्प. मी ‘उत्तर देण्यास नकार’वर खूण केली.
दुसऱ्या वर्षी म्हणाला,
“तुमाला वाटतं का मॅडम, तुमी पूर्ण?”
फॉर्मवर सहभागीच्या प्रश्नाला जागा नसते.
मी बराच वेळ पेन धरून बसले.

तिसऱ्या वर्षी फोन लागेना.
तीन प्रयत्न, तीन तारखा, नियमाप्रमाणे शेरा :
संपर्क तुटला.
अशा माणसांचं काय करायचं
हे आकडेवारीवाल्या साहेबांना ठाऊक असतं.

आणि गेल्या बुधवारी तो दारात.
पोट सुटलेलं, मोबाइलची काच तडकलेली,
तड्याखाली आठ महिन्यांची मुलगी, दात नसलेलं हसू.
“आपसूक झाली. तुमच्या टाकीतली नाय.”
पितृत्व : होय. उपचार : नाही.
शेरा खोडून मी बाजूला सही केली.
नळ्या आता नकोत म्हणाला. त्यासाठी वेगळा फॉर्म.
तोही भरला, न वाचता.
यंदाचे पैसे परत मिळतील का?
मिळत नाहीत, सांगितलं.
“ऱ्हाऊ दे मग,” म्हणाला.
पैसे, नळ्या नव्हेत. मी दोनदा विचारून घेतलं.

नष्ट करायला काहीच करावं लागत नाही.
बाहेर काढायच्या, टेबलावर ठेवायच्या,
अर्ध्या तासाने पिवळी पिशवी, दोन सह्या, वेळ.
दुसरी सही सिस्टर लोबोंची, त्या यायच्या होत्या.
मी एक थेंब काचेवर घेतला.
प्रोटोकॉलमध्ये हे नाही.
बरेचसे निपचित.
डाव्या कोपऱ्यात मात्र चालले होते काही,
एक जण स्वतःभोवतीच फिरत,
त्या शुक्रवारचे, दुपारचे,
सोमवार अजून न आलेले.
सवयीने मोजले : शंभरात एकतीस.
लिहायला रकाना नव्हता.

सिस्टर आल्या. चार वाजून दहा.
काय बघत होतीस गं, विचारलं त्यांनी.
काही नाही, म्हटलं, चष्मा पुसतेय.