हत्ती आणि किल्ला

दादाच्या पत्रामागे पत्ता असायचा:
हत्ती आणि किल्ला, लंडन.
पोस्टमन मोंडकरानं तसाच वाचून दाखवला,
आणि आई मरेपर्यंत समजून होती
की सगुण कुठल्याशा संस्थानिकाकडे आहे,
खाऊनपिऊन बरा आहे.

बोटीवरून उतरला तो परत चढलाच नाही.
रात्री ऑफिसं पुसायचा.
तिथेच अकराव्या मजल्यावर भेटली त्याला लूस दारी,
कोलंबियाची, कॉफीच्या डोंगरातली.
लूस म्हणजे उजेड, दादानं कळवलं होतं.
उजेड दारी!
वेंगुर्ल्यात बसून आम्ही किती हसलो होतो त्या नावाला,
आणि कितीदा म्हणून बघितलं होतं.

त्यांची मुलगी यंदा शिमगा उलटल्यावर आली.
येसेनिया.
दुपारपर्यंत शेजारणींनी तिची येसू केली.
स्टँडवर रिक्षावाला तिच्याशी सरळ मालवणीत बोलला
तर ही म्हणे रिक्षात बसून रडली.
तिकडे रोज कोणी ना कोणी विचारतं, मूळची कुठची,
आणि ह्याला विचारावंसंच वाटलं नाही.

विचारलं ते फिलूमावशीनं.
"खंयची गो तू?"
येसू बोलत राहिली, भाचा सांगत राहिला:
तिथल्या सरकारी कागदावर चौकोन असतात,
बापाचा चौकोन आहे, पण त्यात ही अर्धीच मावते,
आईचा नाहीच.
मग सगळ्यात खाली, इतर, तिथे खूण.
फिलूमावशीला वाईट वाटलं.
"इतर म्हणजे काय गो, आडनाव काय ता?"

तिनं पानात बांधलेली लाल वडी आणली होती.
जिभेवर ठेवली आणि मी ओळखली.
पेरू!
ती एकदम ताठ झाली.
पेरू नाही, आत्या, कोलंबिया.
शेजारच्या देशाचं नाव घेतलं म्हणे मी.
म्हणजे कुंपणावरची भांडणं तिकडेही आहेत.
परसात नेऊन झाड दाखवलं तेव्हा हसली,
फांदीला हात लावून आईचा शब्द म्हणाली, मला तो जमला नाही.

ज्या बाजारात आई ती वडी घ्यायची,
बँकेची कामं करायची, केस कापायची, रडायची,
तो पाडला.
हत्ती तेवढा उचलून पलीकडे ठेवलाय,
पाठीवर किल्ला तसाच.

दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यात नेलं.
आमच्यासमोर तीन ताटं असतात,
अख्खा, पाकळी, कणी.
ती माझ्या हातांकडेच बघत बसली.
चिकानं काळी पडलेली बोटं उलटीसुलटी केली.
माझ्या आईची ब्लीचनं पांढरी झालीत, म्हणाली.
आणि मग कोणी न विचारता सांगत सुटली,
कसं ती कोटांच्या ढिगावर टेबलाखाली झोपायची,
चारच्या बसनं आईबरोबर घरी यायची,
आलेली पत्रं आईला इंग्रजीतून सोडवून द्यायची.
एकदा घरमालकाचं आलं, आठवड्यात जागा खाली करा.
आठ वर्षांची पोर.
तिनं "आठवड्यात" गाळून वाचलं.

भाचा पुढचं सांगेना.
मी त्याला म्हटलं, पोचलं मला.

इतक्यात तिचा फोन वाजला.
पडद्यावर लूस दारी,
मागे अंधारी खिडकी, अंगात कामाचा निळा झगा.
मायलेकी भराभर बोलत होत्या,
पन्हळीतून पाणी पडतं तसं,
एक अक्षर सुटं होईना.
मी आपली मान खाली घालून बी सोलत होते.
आणि त्या सगळ्या पाण्यातून
एक शब्द खळकन ताटात पडला.
पगार.

येसू मागून म्हणाली, नाही आत्या,
तसं नाही, ती म्हणत होती की गाडीचे पैसे...
पण तोवर मी फोनपाशी वाकले होते,
आणि त्या दमलेल्या बाईला सांगून टाकलं होतं:

"शनवारी, वहिनी.
तोय कापून."