शेरा

मुक्कामी रजिस्टरात सहा रकाने :
हजर, गैरहजर, आजारी, घरी, पळाला, शेरा.
रैनू नैताम, दुसरी, पेटी क्रमांक एक्केचाळीस,
पहिल्या पाचांत मावत नव्हता.

जूनमध्ये आला तेव्हा बोलायचा नाही.
आम्ही म्हटलं, भाषेचं असेल,
घरी गोंडी, इथे एकदम मराठी.
महिन्याभराने लालसूने सांगितलं,
"सर, तो गोंडीतही नाही बोलत."

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
मोहाच्या फांदीला तारेने टांगलेला.
लोखंडावर लोखंड.
कोरचीच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातं
याचा मला अभिमान होता.
पहिल्या ठोक्याला तो कान दाबून पळायचा,
मी मागून ओरडायचो.
एकदा दंडाला धरून रांगेत आणला.
दुपारपर्यंत माझी चार बोटं त्याच्या दंडावर होती.
हे कुठल्याच रजिस्टरात नाही,
म्हणून इथे लिहितो.

फुलवंताबाईंनी आधी ओळखलं.
एकशे साठ ताटं वाढताना त्यांना दिसलं,
वरण भाताला लागलं की हा ताट सरकवतो.
त्यांनी घरून वाटी आणली, जर्मनची, कड चेपलेली.
कोणाला विचारलं नाही.
मी विचारलं तर म्हणाल्या,
"खाते ना आता? मंग झालं."

दिवाळीआधी बाप आला, सव्वीस किलोमीटर सायकलने,
पिशवीत शिंगाडे.
मी तक्रारी वाचून दाखवल्या. त्याने ऐकून घेतल्या.
मग उठला, मुलाजवळ जाऊन बसला,
वीतभर अंतर ठेवून,
तो बघत होता तिकडेच तोंड करून.
एक शिंगाडा सोलून मध्ये ठेवला.
बराच वेळ काही झालं नाही.
मी घड्याळ बघितलं.
वर पाहिलं तर शिंगाडा नव्हता.
जाताना म्हणाला,
"त्याले हाका नोको मारू, सर. बाजूले बस."

डी.एड.ची दोन वर्षं आठवून पाहिली.
हे वाक्य कुठे नव्हतं.

आता हातोडीला पोत्याचा तुकडा बांधलाय.
आवाज बसका येतो,
मुख्याध्यापक म्हणतात, घंटेला सर्दी झाली.
ठोक्याआधी मी रैनूला पाच बोटं दाखवतो.
तो धानाच्या गोदामामागे जाऊन
येनाच्या झाडाला पाठ लावतो,
रांगा लागल्या की येतो, शेवटी उभा राहतो.
कधी येतही नाही.

जानेवारीत मी दोन दिवस गडचिरोलीला होतो,
ऑनलाइन माहिती भरण्याच्या प्रशिक्षणाला.
बदलीवाल्याने पोतं सोडून ठेवलं, नीट घडी घालून.
रात्री नऊला फोन.
बेडगावच्या घाटात बोटं हँडलला चिकटली होती थंडीने,
आणि मी त्याच्या नावाने हाका मारत होतो,
गाडीवरून, जंगलाला.

पोचलो तेव्हा सापडला होता, तांदळाच्या कट्ट्यांमागे.
शेजारी लालसू. टॉर्च विझवलेला.
दोघांच्या मध्ये बिस्किटांचा फोडलेला पुडा.
लालसूला हे कोणी सांगितलं,
मी विचारलं नाही.

मार्चात तपासणी. साहेबांनी नावावर बोट ठेवलं.
"याचं प्रमाणपत्र?"
जिल्ह्याच्या दवाखान्यातून तिसऱ्यांदा पुढची तारीख आलीय, साहेब.
"मग हे शेऱ्यात काय लिहिलंय?"
लिहिलं होतं :
वरण वेगळं. घंटेआधी सांगणे.
एकशे साठही पेट्यांचे क्रमांक मालकासकट पाठ.
हाका मारू नये.
साहेबांनी पेन उघडलं, थोडे थांबले,
सही करून पान उलटलं.

त्या पानावर सुनबत्ती हिडामी, पाचवी.
'कमळ'ला 'मकळ' वाचते,
वर्ग हसला की पुस्तक मिटून
दप्तराच्या अगदी तळाशी ठेवते, कपड्यांखाली.
तिचा शेरा कोरा होता.
काल रात्री लाइट गेल्यावर, मेणबत्तीपाशी,
पेन्सिलने एवढंच लिहिलं :
बघणे.