बूच

बोट पाण्यात सोडायला माणसं दोन लागतात,
बाबा म्हणायचे.
मृत्युपत्रात मात्र बोट मला लिहिली, ट्रक मर्डोला,
आणि ट्रेलर कुणाचा ते लिहायचं राहून गेलं.

ट्रेलरवरूनच फाटलं.

चार वर्षं झाली, एकटीच उतरवते.
रिव्हर्टनचा उतार, शनिवारची पहाट,
ओहोटी लागायच्या आत.
एवढीशी सुबारू, तिला हे धूड झेपायचं नाही, सगळे म्हणतात.
झेपतं. कण्हते, पण झेपतं.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा:
हात जाईल तिकडे ट्रेलर जातो.
हे कुणी शिकवलं नाही मला.
सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
रविवारभर कचऱ्याचे डबे पाडत शिकले.

लांब दोर. एक टोक नाळेच्या कडीत,
दुसरं धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला,
मधे ढील इतकीच, की बोट निघावी पण निसटू नये.
मग मागे, मागे, चाकांच्या पत्र्याला पाणी लागेतो,
आणि ब्रेक, जरा झटक्याने.
तेवढ्या झटक्यावर ती जाते.
गाडी वर ठेवून मी येते धावत,
तोवर ती दोराला धरून
धक्क्याशी उभी असते, शाळेच्या फाटकातल्या पोरीसारखी.

वर, शौचालयाच्या भिंतीशी, बाबांचा ट्रक.
आत मर्डो. थर्मास, कालचं वर्तमानपत्र.
त्याला मासेमारीचा कंटाळा आहे, लहानपणापासून.
तरी दर शनिवारी.

दुसऱ्या वर्षी एकदा गाडी मागे घेत होते
तर हॉर्न वाजला. एकदाच.
थांबले. चिडले. मग खिसा चाचपला.
बोटीचं बूच माझ्या खिशात, पेपरमिंटच्या गोळ्यांमध्ये.
वर पाहिलं, तर तो वर्तमानपत्राआड.

संध्याकाळी परतताना नैर्ऋत्येचा वारा आडवा येतो,
बोट ट्रेलरवर सरळ चढत नाही, तोंड फिरवते.
शेवाळावर माझा पाय गेला त्या दिवशी
गुडघा फुटला, विंचचा पट्टा हातातून सुटला.
हाक मारली असती तर आला असता.
जीभ रेटली नाही.
बसल्या बसल्याच पट्टा ओढून घेतला,
कडीत अडकवला, दांडा फिरवला:
टक्. टक्. एकेक दात.
कंबरभर पाण्यात, शिव्या देत.
बोटीला की त्याला, मला आठवत नाही.

त्याच्या बॉनेटवर दोन ब्लू कॉड ठेवून जाते मी,
पावाच्या पिशवीत.
पहिल्यांदा सीगल्सनी पळवले. आता वायपरखाली अडकवते.
पुढच्या शनिवारी पिशवी तिसऱ्या खांबाला असते,
धुतलेली, घडी घातलेली,
वर एक दगड.

गेल्या शनिवारी
बूच मी मुद्दाम खिशातच ठेवलं.

मागे घेतलं. हॉर्न नाही.
आणखी मागे. चाकं भिजली. नाही.
पाणी पत्र्याला लागलं, हात ब्रेकवर गार पडला,
वाटलं, झोपला असेल. वाटलं, बास झालं असेल त्याला.
बोट बुडाली तर बुडू दे, असंही वाटलं, एक क्षण.

मग आरशात ट्रकचं दार उघडलं.
एक गमबूट. बऱ्याच वेळाने दुसरा.
कंबर धरून, उतारावर तिरपा तिरपा चालत
माझ्या खिडकीपाशी येऊन धापा टाकत उभा राहिला.
किती पिकलाय.

"बूच," म्हणाला.
"माहीत आहे," म्हटलं.

वारा होता. पट्टा फडफडत होता.
"हॉर्नचा फ्यूज गेलाय," तो म्हणाला,
आणि खांबाचा दोर सोडून
हातात घेऊन उभा राहिला,
काय करायचं ते विसरल्यासारखा.