दोनातून एक

मॉन्ट्रियलला संध्याकाळचे पाच. काळोख केव्हाच पडलाय,
खिडकीच्या तळाशी मळक्या बर्फाची कोर.
माझं काम साधं: वर्ग सुटले की
तीन देशांतले पडदे एकेक करून मालवायचे.

तुरिनला रात्रीचे अकरा.
फळ्यावर एका हॉटेलची आकडेमोड तशीच राहिलीय.
हॉटेल नाहीच कुठे, धड्यापुरतं बांधलेलं,
दर वर्षी बुडतं, दर वर्षी नवी मुलं त्याला वर काढतात.
यंदाचा उपाय इंग्रजीत, चौकटीत:
सफाई. पाळ्या दोन. बाण. एक.
शेजारी काट मारलेलं डस्टर,
म्हणजे पुसू नका.
एवढं नेलिदाला कळतं. बाकीचं ती वाचत नाही.
पेरूहून आली त्याला नऊ वर्षं झाली,
इटालियन शिकली, तीच पुष्कळ झाली म्हणते.

समोर भिंतभर सिंगापूर. सकाळचे सहा,
आणि तिथंही उजाडलेलं नाही.
(तिन्हीकडे एकदम अंधार,
हे वर्षातून थोडेच आठवडे जुळतं.)

खुर्च्या ओळीत लावता लावता रोकिया थांबते.
साठी उलटलेली बाई, चष्मा कपाळावरून खाली घेते,
पडद्यातून पलीकडचा फळा वाचते. पुन्हा वाचते.
मग काचेजवळ येऊन दोन बोटं वर करते
आणि त्यातलं एक मिटते.

माईक बंद आहेत.
नेलिदा हसते. दोन कुठली, बाई?
एकच, म्हणून बोट दाखवते,
ॲप्रनला हात पुसून फोन काढते, कॅमेऱ्यासमोर धरते:
निळ्या डगल्यातला मुलगा, पुढचा दात पडलेला.

रोकिया मान हलवते. फळ्याकडे हात करते.
पुन्हा दोन. पुन्हा एक.
हो हो, एकच, नेलिदा ठासून सांगते,
फोटो मोठा करते, दाताची खिडकी पडदाभर.

माईक माझ्या हाताखाली होता.
सांगता आलं असतं, हॉटेल खोटं आहे, घाबरू नका.
पण हॉटेलापुरतंच सांगता आलं असतं.
पाळ्यांचं मला काय माहीत?

रोकियाने फोटो बराच वेळ पाहिला.
हात खाली गेला, परत वर आला.
चार बोटं.
नेलिदाने तोंडावर हात ठेवला: चार!

सव्वापाचला मी
फक्त माझा पडदा मालवला.