पासपोर्ट साइज, आठ प्रती

फतेगंजात माझं झेरॉक्सचं दुकान.
लॅमिनेशन, स्पायरल, फोटो दहा मिनिटांत;
दहाची वीस होतात, कुणी भांडत नाही.

एबिएरे पहिल्यांदा आली तेव्हा हातात वहीचं पान,
घड्या पडून मधोमध फाटत आलेलं.
प्रश्न तिचे, आणि तिच्याआधी आलेल्या कुणाकुणाचे,
वेगवेगळ्या शायांत.

सी फॉर्म घरमालक भरतो की मी?
इथे ‘उद्या या’ म्हणजे किती दिवसांनी?
मान अशी हलवली तर हो समजायचं का नाही?
सुकी मासळी शिजवली की सामान
खरंच जिन्यात आणून ठेवतात?
शेवटच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ठेवतात.

पहिला फोटो मी वाया घालवला.
दिवे, पडदा, कॅमेरा, सगळं वीस वर्षं
आमच्या गव्हाळ तोंडांवर बेतलेलं.
उमटली एक सावली, आणि दोन डोळे.
ती म्हणाली, असंच येतं, चालेल.
चालेल कसं?
मागचा दिवा विझवला, पुढचा जवळ ओढला,
पांढरा पुठ्ठा तिच्याच हातात दिला, हनुवटीखाली धरायला.
चौथ्या वेळी गाल आले, कपाळ आलं,
भुवईजवळचा लहानपणीचा व्रण आला.
तीन फोटोंचे पैसे घेतले नाहीत. चौथ्याचे घेतले.

शुभ नाव, मी सवयीनं विचारलं.
तिच्या भाषेत एबिएरे म्हणजे चांगली बाई.
म्हणजे शुभ घरूनच घालून आलेली.
फॉर्मला मात्र मधलं नाव हवं, बापाचं नाहीतर नवऱ्याचं.
मधल्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारली
आणि खिडकीवरच्या साहेबानं ती दोनदा परत पाठवली.

कायमचा पत्ता. तिथे ती थांबली.
येनागोआतलं घर पुरात गेलं,
आई आता मावशीकडे, मावशी भाड्यानं.
कायमचा म्हणजे किती वर्षांचा, तिनं विचारलं.
मी काय सांगणार?
मी नेसरीकर. नेसरी मी पाहिलेली नाही.
पणजोबा सरकारांच्या पागेत मोतद्दार म्हणून आले,
तेव्हापासून आम्ही बडोद्याचे.
तरी शेजारचे जिगरभाई दर दिवाळीला विचारतात,
गावी नाही गेलात?
आणि कोल्हापुरात रिक्षावाला म्हणतो,
मराठी चांगलं बोलता की तुम्ही.
मी म्हटलं, कॉलेजचा पत्ता लिही.

डिसेंबरात बायकोनं तिला खंडेराव मार्केटात नेलं,
कोनफळं दाखवली, उंधियूसाठी रचलेल्या ढिगातली.
तिनं एक उचललं, नखानं साल खरवडली, वास घेतला,
आणि भाजीवालीशी अशी घासाघीस केली
की भाषा कुठली होती
ते बायकोला घरी आल्यावर आठवेना.
आतून जांभळं निघालं. त्यांच्याकडचं पांढरं असतं.
आमच्या खलबत्त्यात कुटून तिनं गोळा केला,
मोबाइलवर आईला दाखवला.
पलीकडून आई इतकी हसली
की स्वयंपाकघरात आम्हीही उगाच हसलो.

विश्वामित्रीच्या पुलावर ती रिक्षा थांबवते.
खाली मगरी. लोक आधी मगरी बघतात, मग तिला,
मोबाइल सावकाश तिच्याकडे वळतात.
ती खालीच बघत राहते.
आमच्या खाडीतही आहेत, म्हणते,
पण पुलावर उभं राहून त्यांना कुणी मोजत नाही.

आठांतले सहा फोटो लागले. दोन पाकिटात,
ड्रॉवरमध्ये, न नेलेल्या फोटोंबरोबर.
परवा एक पोरगा आला, नवा,
ऑक्टोबरच्या उन्हात जाड जॅकेट घालून;
कुणीतरी भलतंच सांगितलेलं असणार.
हातात तेच पान, आता चिकटपट्टी लावलेलं,
खाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढलेली :
फोटो नेसरीकरांकडे. चेहरा येतो.

मी पुठ्ठा शोधायला लागलो.