एक्स्टेन्शन एकोणतीस

पांढऱ्याशी निळा, पांढऱ्याशी नारिंगी,
मग हिरवा, तपकिरी, राखाडी.
हा पाढा मी बुधवार पेठेत शिकलो,
एका दुकानाच्या पोटमाळ्यावर,
चुकलं की टाळक्यात पकडीची मूठ.
नंतर लाल, काळा, पिवळा, जांभळा.
पंचवीस जोड्या झाल्या की दोऱ्याची गाठ,
आणि पुन्हा पांढऱ्यापासून.

भोसरीत घैसासांच्या कारखान्यात
आठ लाइनी बाहेरच्या, अठ्ठेचाळीस आतल्या.
साहेब म्हणाले, यंत्र माझ्या केबिनमागे लावा.
मी म्हणालो, लावतो की,
पण रात्री बिघडलं तर केबिनची किल्ली माझ्याकडे.
मग जिन्याखालची जागा मिळाली.
झाडू, फिनेलचे कॅन, कुणाची तरी बिनचाकाची सायकल,
आणि भिंतीवर मंद गुणगुणणारा
माझा पेटारा.

बसवायला चार दिवस लागले.
सांभाळायला एकोणीस वर्षं.
वेल्डिंग शॉपचा फोन महिन्याला मरायचा,
उघडावा तर आत लोखंडाचा कीस.
कँटीनच्या सॉकेटात मुंग्या,
त्यांना बेचाळीस व्होल्टांची ऊब आवडायची बहुतेक.
गुरुवारी वीज जायची. बॅटरी साडेतीन तास तग धरायची,
आणि चौथ्या तासालाच
साहेबांना नाशिकशी अर्जंट बोलायचं असायचं.
ताम्हाणेबाई ऑपरेटर. मला नुसतं म्हणायच्या,
'तुमचं यंत्र रुसलंय.'

एकदा साहेबांनी कागदाची भेंडोळी पुढे टाकली.
कोणी कुठे किती वेळ बोललं, सगळं छापलेलं.
पहाटे साडेचार. उदगीर. अठ्ठेचाळीस सेकंद.
रोज. रविवारीसुद्धा.
एक्स्टेन्शन एकोणतीस.
'शोधा आणि कापा.'

एकोणतीस म्हणजे गेट.
आगीबिगीसाठी त्याला बाहेरची लाइन मीच उघडून दिलेली.

ज्ञानोबा सुरनर स्टुलावरून उठून उभाच राहिला.
पोरगी दहावीला आहे, म्हणाला.
आई नाही. आजीला ऐकू येत नाही.
मी उठवतो, ती म्हणते उठले, मी ठेवतो.
बिलाचे पगारातून कापा.

मी म्हटलं, दोन रिंगा दे आणि ठेव.
पंधरा सेकंदांच्या आतलं यंत्र छापत नाही.
तो विचारात पडला.
'मग ती उठले म्हणणार कशी?'

इतकी वर्षं लोक मला विचारत आले,
टोन का नाही, खरखर का येते,
दुसऱ्याचं बोलणं आमच्यात का घुसतं.
हा प्रश्न मॅन्युअलात नव्हता.
मग सुचलं. रात्री बाहेरून आलेली रिंग
तशीही गेटवरच पडते.
तिनंही द्यायच्या. दोन.

वहीत लिहिलं:
लाइन तीनमध्ये दोष. काढला.
खाली सही. घैसासांचीही.

त्या मार्चात बॅटऱ्या बदलायला रात्रभर थांबलो होतो.
हातांना ॲसिडचा वास, गेटवर चहा.
साडेचारला त्यानं नंबर फिरवला,
ओठ हलवत मोजलं, ठेवलं.
मग आम्ही दोघं त्या काळ्या डबड्याकडे बघत बसलो.
रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला.
वाजला.
एक.
ज्ञानोबानं रिसीव्हर उचलला नाही,
त्यावर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
दोन.
'आज उशीर केला', म्हणाला.

पोरीचं पुढे काय झालं, माहीत नाही.
जूनमध्ये एजन्सी बदलली, गेटवर दुसराच होता.

गेल्या महिन्यात पेटारा उतरवला.
नवी माणसं आली, बावीस-तेवीसची,
सगळं म्हणे आता इंटरनेटवरून.
पोरं चांगली होती, काका काका करत होती.
एकानं यादी वाचत विचारलं,
'गेटला एसटीडी कुणी ठेवलंय?'
मी म्हटलं, दोष होता एक. जुना.

दुसऱ्या जुडीतली चौथी जोडी.
पांढऱ्याशी तपकिरी.
कापायच्या आधी टेस्टिंगचा फोन लावून ऐकलं.
टोन होता.