तिसरी पायरी

भांडीबाजारातल्या आमच्या दुकानाला पाच पायऱ्या.
धरणातून पाणी सोडलं की
बाबा दुतोंड्या मारुतीकडे बघून यायचे:
घोट्याला आहे, गुडघ्याला आहे, कमरेला लागलं.
गंगा तिसऱ्या पायरीला टेकली
की पातेली, घंगाळं, तांबे, सगळं माळ्यावर.
शिव्या नाहीत, कपाळाला हात नाही.
नदीशी ते कधी भांडले नाहीत.
तिसरीची चौथी मात्र होऊ दिली नाही.

हे मला आठवायला
रंजू, तुझे सव्वीस मिस्ड कॉल लागले.

रात्री पावणेदहाला फोन करतेस,
"तुला सांगू नको म्हणालीय, पण..."
आणि त्या 'पण'मधून
सुषमावहिनींची सून आत येते, तिच्या पाटल्या येतात,
सातपूरच्या प्लॉटची वाटणी येते,
कोण कुणाच्या बारशाला न जेवता गेलं, ते येतं.
माझा वरणभात निवतो.
सकाळी कळतं, मी नुसतं "हं" म्हटलेलं
इंदिरानगरात पूर्ण वाक्य होऊन पोचलंय,
क्रियापदासकट.

खोटं कशाला बोलू, मलाही गोडी होती.
दुसऱ्याच्या घरात भांड्याला भांडं लागलं
की आपल्या ओट्याशी उभं राहून ऐकायला बरं वाटतं.
मी चहा गाळता गाळता "मग?" विचारलंय.
तो "मग?" माझ्याच खात्यावर.

परवा गंगापूर रोडला मिसळ खाताना
तू पापड मोडलास आणि म्हणालीस,
"प्रमिला तुझ्याबद्दल काय म्हणाली, ऐकायचंय?"
माझा हात पावावर तसाच.
ऐकायचं होतं गं. फार ऐकायचं होतं.
म्हटलं, "नको."
आवाज जरा फाटला.
"जी इथे नाही, तिचं काही नको.
नऊनंतर फोन नको.
तुझी शुगर, तुझा गुडघा, मनूचं जमत नाहीये ते,
हे सांग. बसून ऐकते."
तू वाटीभर तर्री ओतून घेतलीस.
बराच वेळ नुसता शेवेचा चुरचुर आवाज.
मग, "फारच शहाणी झालीस."
आणि डोळे पुसलेस.
तिखटाने की माझ्यामुळे,
मी विचारलं नाही.

आता गोतावळ्यात झालंय,
की मी बदलले, की मला माज आला.
मारुतीला निदान
दोन्ही तोंडांनी गप्प बसता येतं.
खुलासा करायला मी कुणाच्या दारात गेले नाही.
एकदा चप्पल घातली होती.
काढून ठेवली.

काल साडेआठला तुझा फोन.
गुडघ्याचं बोललीस, अकरा मिनिटं.
मग थांबलीस.
ओठाशी काहीतरी आलं होतं तुझ्या,
मला ऐकू येत होतं
पाणी दगडाला लागताना.
"ठेवते गं," म्हणालीस, "कुकर झाला."

शिट्टी एकही वाजली नव्हती.